संकेतस्थळाला गुण कोण देणार?



विद्यार्थ्याला गुण मिळतात, महाविद्यालयाला श्रेणी मिळते, हॉटेलला तारे मिळतात. तसे आता संकेतस्थळांनाही गुण मिळतात. त्यातला एक गुण असा आहे की ज्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. ज्याला दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही, ज्याच्या हातात माउस ठरत नाही, असा माणूस हे संकेतस्थळ वापरू शकेल का, या प्रश्नाचं उत्तर त्या गुणात दिलेलं असतं. निदान दिलेलं असतं असं समजतात. इंग्रजीत याला अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कोअर म्हणतात. सरकारी मराठीत अ‍ॅक्सेसिबिलिटीला 'सुगम्यता' हा शब्द रूढ झाला आहे. आकाशवाणीवर सुगम संगीत ऐकत आमची पिढी वाढली, त्यामुळे मला तरी हा शब्द सरकारी असूनही परका वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कवीचा आणि या गोष्टीचा काय संबंध? मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. संगणकाशी माझं नातं टंकलेखनापुरतं. पण आमच्या सोलापुरात माझा एक तरुण मित्र आहे. जन्मांध आहे, मला चाचा म्हणतो, आणि संकेतस्थळं तपासून देणं हा त्याचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी तो आमच्याकडे येतो, चहा घेतो आणि लॅपटॉप उघडून बसतो. पडदा काळाच ठेवतो. त्याला पडद्याचा उपयोग नाही आणि बॅटरीही वाचते. कानात यंत्राचा आवाज चालू असतो, तो इतक्या वेगात की मला त्यातला एक शब्द समजत नाही. त्याच्याशेजारी बसून जे पाहिलं, ऐकलं आणि मागाहून वाचलं, ते आज सांगतो.

त्याच्या कानात बोलणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतला. त्याचा तसाच अंध मित्र जेम्स टेह पुढे त्याला येऊन मिळाला. आज जगभर तो वापरला जातो. स्क्रीन रीडर पडद्यावरचं चित्र पाहत नाही, चित्रामागची संहिता वाचतो. आपण पानावर नजर टाकतो, मोठ्या अक्षरांतले मथळे पाहतो आणि हवं तिथे थांबतो. तोही तेच करतो, पण एक कळ दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारत. मात्र ज्याने पान बनवलं त्याने मथळ्याला आतून 'हा मथळा आहे' अशी खूण केलेली असावी लागते. नुसती अक्षरं जाड आणि मोठी केली असतील तर ती आपल्यासाठी मथळा असतात, त्याच्यासाठी नाही. चित्राचंही तसंच. चित्राला मागे शब्दांत वर्णन जोडता येतं, त्याला पर्यायी मजकूर म्हणतात. तो जोडला असेल तर चित्र बोलतं, नाहीतर ते मुकं राहतं.

हे सगळं कसं असावं याचे नियम आहेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १९९९ साली पहिली मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. २००८ मध्ये दुसरी आवृत्ती आली, २०१८ मध्ये तिच्यात भर पडली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आणखी एकदा. त्या २.२ आवृत्तीत ८६ कसोट्या आहेत आणि त्यांच्या ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पायऱ्या केल्या आहेत. सगळ्या सांगत बसलो तर केंद्रावरचे अधिकारी मला बाहेर काढतील. एकच सांगतो, कारण ती माझ्या वयाच्या लोकांच्या कामाची आहे. अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक एवढं गुणोत्तर हवं, असं डबल ए पायरीची कसोटी सांगते. पांढऱ्यावर काळं म्हणजे एकवीसास एक. हल्ली पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं छापायची जी नाजूक फॅशन आली आहे, ती या कसोटीत हमखास नापास होते. पन्नाशीनंतर मोबाइल हातभर लांब धरून डोळे बारीक करणाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांना फार दोष देऊ नये.

आता गंमत पाहा. ही तत्त्वं गुण देतच नाहीत. त्यांच्या मते पान एखाद्या पायरीवर उतरतं किंवा उतरत नाही. ए पायरीच्या सगळ्या कसोट्या पार पडल्या तर पान ए, एक जरी राहिली तरी नाही. शंभरपैकी ऐंशी असा प्रकार तिथे नाही. मग हे शंभरपैकी गुण आले कुठून?

ते आले यंत्राकडून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कास्ट या संस्थेने १९९६ साली 'बॉबी' नावाचं एक साधन काढलं. बॉबी म्हणजे इंग्लंडचा रस्त्यावरचा पोलीस, त्याच्यावरून हे नाव. पान तपासायला द्यायचं, चुका निघाल्या नाहीत की पोलिसाचं छोटं चित्र पानावर लावायला मोकळे. पुढे अशी साधनं पुष्कळ झाली. आज गुगलच्या क्रोम ब्राउझरमध्येच लाइटहाउस नावाचं साधन आहे. ते पानाच्या तीसचाळीस तरी गोष्टी पाहतं, प्रत्येकीला कमीअधिक वजन देतं, सरासरी काढतं आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा दाखवतं. नव्वदच्या वर गेला की तो हिरव्या रंगात येतो. हिरवा आकडा पाहिला की साहेब खूश आणि कंत्राटदाराचं बिल मंजूर!

यंत्राला मी नावं ठेवत नाही. यंत्रामुळेच कळलं की परिस्थिती किती वाईट आहे. अमेरिकेतल्या युटा राज्य विद्यापीठात वेबएम नावाचा गट आहे. तो २०१९ पासून दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची पहिली पानं यंत्राने तपासतो. पहिल्या वर्षी ९७.८ टक्के पानांत चुका सापडल्या. २०२५ मध्ये हे प्रमाण ९४.८ टक्के होतं, आणि पानागणिक सरासरी ५१ चुका होत्या. सर्वांत जास्त आढळणारी चूक कोणती, तर तीच, फिकट अक्षरं. ७९ टक्के पानांवर. चित्रांना पर्यायी मजकूर नसण्याची चूक निम्म्याहून अधिक पानांवर होती. एवढी पानं माणसांनी तपासायची म्हटली असती तर पिढ्या गेल्या असत्या.

पण यंत्राला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हेही तपासून झालेलं आहे. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेतल्या लोकांनी २०१७ मध्ये मुद्दाम एक अत्यंत वाईट पान बनवलं. जगातलं सर्वांत दुर्गम पान, असं त्यांनीच त्याला म्हटलं. त्यात एकशे चाळीसहून अधिक अडथळे पेरले आणि मग बाजारातली साधनं त्याच्यावर सोडली. सर्वांत हुशार साधनाला जेमतेम चाळीस टक्के अडथळे सापडले. जवळजवळ तीस टक्के अडथळे तर एकाही साधनाच्या नजरेला पडले नाहीत. २०१९ मध्ये मानुएल मातुझोविच या ऑस्ट्रियातल्या वेब-विकासकाने याच्याही पुढची गोष्ट केली. त्याने असं पान बनवलं की ते ना डोळसाला वापरता येई, ना अंधाला, ना माउसने, ना कीबोर्डने. आणि लाइटहाउसने त्याला शंभरपैकी शंभर गुण दिले.

मला याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. गझल लिहिणाऱ्याला हे माहीत असतं. मात्रा मोजता येतात, काफिया जुळला की नाही तपासता येतं. ते तपासायलाच हवं, त्यात कुचराई नको. पण मात्रा चोख आणि शेर कोरडा ठणठणीत, असं दर मुशायऱ्यात चारदोनदा तरी ऐकावं लागतं. यंत्र पाहतं ते चित्राला पर्यायी मजकूर आहे का, एवढंच. त्या मजकुरात काय लिहिलं आहे हे ते सहसा पाहत नाही. बटणाला नाव आहे का पाहतं, पण नाव 'पुढे' असून बटण मागे नेतं का, हे पाहत नाही.

आणखी एक अडचण सरासरीची आहे. माझ्या मित्राकडे एकदा एका शिष्यवृत्तीच्या अर्जाचं संकेतस्थळ तपासायला आलं. कोणाचं ते सांगत नाही. यंत्राचे गुण ९२. मित्राने माउस बाजूला ठेवला, नव्हे, त्याच्याकडे माउस नसतोच. टॅबची कळ दाबत दाबत तो नाव, जन्मतारीख, उत्पन्न, बँकेचा खाते क्रमांक असं सगळं भरत गेला. प्रत्येक रकाना नीट बोलत होता. वीसेक मिनिटांनी शेवटी आला तो 'अर्ज सादर करा' या जागेपाशी. आणि ती जागा त्याला सापडेना. टॅब दाबला की त्या जागेवरून उडी मारून थेट पानाच्या तळाशी. मी पडद्यावर पाहिलं तर हिरवं, गुबगुबीत बटण समोर होतं. ते बटण बटण म्हणून बनवलेलंच नव्हतं. बटणासारखा रंगवलेला एक चौकोन होता आणि तो फक्त माउसच्या टिचकीला ओळखत होता. यंत्राच्या लेखी तो साधा मजकूर, त्यात चूक कसली?

म्हणजे पाहा, अंध विद्यार्थी सगळा अर्ज भरणार, मार्कशीट चढवणार आणि शेवटच्या पायरीवर कोणाला तरी हाक मारणार, जरा हे एवढं दाबून दे रे. हाकेला कोणी असेल तर ठीक. शेवटच्या तारखेच्या रात्री अकरा वाजता नसेल तर शिष्यवृत्ती गेली. ९२ मधले आठ गुण कशाचे गेले म्हणून पाहिलं, तर ते भलत्याच कुठल्या किरकोळ गोष्टींचे होते. मित्राने लेखी अहवाल दिला, संबंधितांनी दोन दिवसांत बटण दुरुस्त केलं. हे त्यांच्या श्रेयाचं आहे, कारण बहुतेक जण महिनोन्‌महिने लावतात. मग मित्राने मजा म्हणून यंत्र पुन्हा चालवलं. गुण ९२च आले.

म्हणून जाणकार लोक तपासणी वेगळ्या रीतीने करतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनेच २०१४ मध्ये तपासणीची एक पद्धत सांगितली आहे. संकेतस्थळाची व्याप्ती ठरवा, ते नीट फिरून पाहा, त्यातून नमुन्याची पानं निवडा, त्यात काही पानं चिठ्ठी टाकून काढल्यासारखी घ्या, मग तपासा आणि अहवाल द्या. त्यात एक अट मला फार शहाणपणाची वाटते. एखादं पान मोठ्या कामाचा भाग असेल तर ते सगळं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायचं. तिकीट काढायचं तर गाडी शोधण्यापासून पैसे भरल्याच्या पावतीपर्यंत. मधली एक पायरी निसरडी निघाली तर बाकीच्यांचे गुण धरायचे नाहीत. या तत्त्वांच्या तिसऱ्या आवृत्तीचा पहिला मसुदा २०२१ मध्ये आला, त्यात पहिल्यांदा शून्य ते चार असे गुण आणि कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा श्रेणी सुचवल्या होत्या. पण तिथेही मेख मारून ठेवली होती की काम अडवणारी गंभीर चूक असेल तर बाकी गुण कितीही असोत, कांस्यही मिळणार नाही. त्या गुणपद्धतीवर नंतर पुष्कळ खल झाला.

हा सगळा खटाटोप कायद्यासाठी तरी करावा लागतोच. सिडनी ऑलिंपिकच्या वेळी ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी तक्रार केली की ऑलिंपिकचं संकेतस्थळ मला वाचता येत नाही. आयोजकांनी सांगितलं, दुरुस्तीला एका माणसाचं वर्षभराहून अधिक काम आहे. तज्ज्ञांनी साक्ष दिली की हे काही आठवड्यांचं काम आहे. २००० साली निकाल मॅग्वायर यांच्या बाजूने लागला आणि आयोजकांना वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक सूचना आहेत. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. पण नियमांची भाषा 'करावे' अशी सुचवणीची होती, 'केलेच पाहिजे' अशी नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातला पंधरावा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करा असं सरकारला सांगितलं. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्याचा निकाल आला. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तीला बँकेचं ऑनलाइन ओळखपत्र-तपासणीचं यंत्र पापणी मिटायला सांगतं, तेव्हा तिने काय करायचं, हा तिथे प्रश्न होता. डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि वीस निर्देश दिले. त्यात ठरावीक काळाने प्रमाणित तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, आणि तपासताना अंध व्यक्तींना सामील करून घेता येईल, असंही आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, महाराष्ट्रात एकोणतीस लाखांहून अधिक. गरज मोठी म्हटल्यावर झटपट इलाज विकणारेही आलेच. आमची एक ओळ तुमच्या संकेतस्थळात टाका, ते आपोआप सुगम होईल, अशी जाहिरात करणाऱ्या अ‍ॅक्सेसीबी या कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५ मध्ये दिशाभूल केल्याबद्दल दहा लाख डॉलर भरायला लावले.

आता थोडं आपल्या भाषेविषयी, कारण इथे यंत्राचं फसणं फार ठळक दिसतं. प्रत्येक पानाच्या संहितेत ते कोणत्या भाषेत आहे याची खूण करायची असते. ती खूण वाचून स्क्रीन रीडर मराठी आवाज लावतो की इंग्रजी, हे ठरतं. मराठी बोलणारे कृत्रिम आवाज आता फुकट मिळतात. पण पुष्कळ मराठी पानांवर तयार साच्यातली इंग्रजीची खूण तशीच राहून गेलेली असते. यंत्र विचारतं, भाषेची खूण आहे? आहे. ती मान्य यादीतली आहे? आहे. पूर्ण गुण. आणि ऐकणाऱ्याच्या कानात इंग्रजी आवाज देवनागरीशी झटापट करत असतो. काही आवाज एकेका अक्षराचं नाव घेत बसतात, काही चक्क गप्प होतात. हिंदीची खूण असेल तर निदान वाचन होतं, पण मराठी ती हिंदीच्या हेलात, आणि आपल्या चला-पळाचं काय होतं ते कानानेच ऐकावं.

युनिकोड रुळण्यापूर्वी तर याहून वाईट होतं. तेव्हाच्या मराठी फाँटमध्ये पडद्यावर 'पाऊस' दिसायचा, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असायची. स्क्रीन रीडर ती चिन्हं वाचायचा. तसल्या फाँटमधून काढलेल्या पीडीएफ अजूनही फिरत असतात. माझ्या घरात मराठीबरोबर उर्दूही वाचली जाते. उर्दू वृत्तपत्रांनी तर नस्तालिक लिपीचा डौल सांभाळायला कित्येक वर्षं पानंच्या पानं चित्राच्या रूपात महाजालावर टाकली. डोळ्यांना ती सुरेख, कानाला शून्य.

चित्राचा हा प्रकार माझ्याही वाट्याला आला. एका साहित्यविषयक संकेतस्थळाने माझी एक कविता घेतली. मागे पावसाळी आभाळ, त्यावर वळणदार अक्षरांत कविता, सगळं मिळून एक चित्र. मित्राला कौतुकाने सांगितलं. त्याने ते पान उघडलं, ऐकलं आणि म्हणाला, "चाचा, ऐकली तुमची कविता. 'ग्राफिक. कविता.' झाली."

त्या चित्राला पर्यायी मजकूर होता. 'कविता' एवढाच. यंत्राने त्या पानाला ९८ दिले होते.

मी संपादकांना फोन केला. तरुण बाई होत्या, त्यांनी ऐकून घेतलं आणि चित्राखाली संपूर्ण कविता टाइप करून घातली. साजरं रूप तसंच राहिलं, कोणाचं काही बिघडलं नाही. पुढच्या खेपेला मित्राने कानातली दोरी काढून आवाज खोलीत मोकळा सोडला आणि मी माझी कविता यंत्राच्या तोंडून ऐकली. शब्द सगळे आले. फक्त तो आवाज कडवं संपलं तरी थांबत नव्हता, श्वास न घेता पुढच्या कडव्यात शिरत होता, कारण टाइप करताना सगळ्या ओळी एकाच परिच्छेदात गेल्या होत्या. मित्राच्या अहवालात गुणांचा रकाना नसतो, शेऱ्याचा असतो. त्यात त्याने लिहिलं: कविता वाचता येते. कडवं कुठे संपतं ते कळत नाही. प्रत्येक कडव्याचा स्वतंत्र परिच्छेद करावा.